रंभाबाई पाठ करून का बसल्या, याचा दाखला

सरावली, बोईसर (जि. पालघर)
दि. २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. सचिव,
वकिलांच्या व्यावसायिक वर्तनाची चौकशी समिती,
मुंबई.

विषय : दिवाळखोरीच्या प्रकरणात अ‍ॅड. कुंदन पागधरे यांनी न्यायाधिकरणाची दिशाभूल केल्याची तक्रार. तसेच समितीने मागितलेला, ‘मासळीच्या वाट्यांना पाठ करून बसण्याची प्रथा अस्तित्वात असल्याचा दाखला’ सादर करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज. २) त्यावर समितीने पाठविलेले दोन ओळींचे उत्तर.

सचिव महोदय,

सध्या जमेल तितक्या विनयाने कळविण्यात येते, की :

१. समितीच्या उत्तरातील पहिल्या ओळीत अर्जदारास ‘आपण प्रकरणातील पक्षकार नाही’ असे कळविले आहे. ते बरोबर आहे. अर्जदार वामन धर्माजी चुरी हा निवृत्त प्राथमिक शिक्षक असून त्याला कोणाकडूनही काही येणे नाही. तारापूरच्या किनाऱ्यावर महिला मंडळाचे मासळी सुकविण्याचे खळे आहे. तेथे बाया बोंबील उलथत असताना त्यांची मुले कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसतात व अर्जदार त्यांना शिकवितो, एवढाच त्याचा संबंध. हे खळे येत्या १५ डिसेंबरला दुसऱ्याच्या ताब्यात जाणार आहे. ते ज्या एका वाक्यामुळे जाणार आहे, ते वाक्य लिहिणाऱ्या वकिलाविरुद्ध हा अर्ज आहे. एकच गोष्ट चार वेळा समजावून सांगण्याचा अर्जदारास कंटाळा नाही. मागच्या बाकावरच्या मुलांना उद्देशून बोलण्याची त्याला सवय आहे. त्याच सवयीने पुढील मजकूर लिहिला आहे. समितीने सावकाश वाचावा.

२. उत्तरातील दुसऱ्या ओळीत प्रथेचा दाखला मागितला आहे. म्हणून आधी प्रथा सांगणे भाग आहे.

सामाईक जाळ्यातली मासळी किनाऱ्यावर आली, की तिचे वाटे पडतात. एक जण वाटे घालतो. सगळे भोवती उभे राहून पाहतात. कुठे दोन बोंबील जास्त दिसले तर सांगतात, आणि वाटे सारखे झाल्याचे सर्वांनी मान्य केले, की गावाने नेमलेली एक व्यक्ती वाट्यांकडे पाठ करून बसते. वाटे घालणारा एका वाट्यावर हात ठेवतो आणि विचारतो, "हा कोनाचा?" पाठ केलेली व्यक्ती न पाहता एक नाव घेते. तो वाटा त्या घरचा. मग पुढचा. वाटे घालणारा आणि नाव घेणारी एका घरची चालत नाहीत. मध्ये कोणी खाकरले, तरी वाटे मोडून पुन्हा घालतात.

ही सगळी प्रथा. यात कलम नाही, पोटकलम नाही. दिवाळखोरीचा कायदा असाच काहीसा प्रयत्न पुष्कळ पानांत करतो, असे अर्जदाराने वाचले आहे. बुडालेल्याच्या मालमत्तेचे वाटे घालायचे, आणि ज्याचा हात वाट्यावर आहे त्याची जीभ नाव घेणाऱ्याशी बांधलेली नसावी, हे पाहायचे. वकील आणि न्यायाधीश यांना हे समजावे म्हणून त्यांच्यासाठी वर्तनाचे नियम छापावे लागतात. किनाऱ्यावर छापावे लागले नाहीत.

तारापुरात नाव घेण्याचे काम गेली कित्येक वर्षे रंभाबाईंकडे आहे. त्यांच्या घरी कधी मोठा वाटा गेला, असे त्यांच्या भावकीतले त्यांच्याशी न बोलणारे लोकसुद्धा म्हणत नाहीत.

३. आता खळ्याविषयी. जागा मंडळाची. शेजारी ‘दर्यावंत’ नावाची मासळी साठविणारी व डब्यात भरणारी कंपनी आली. तिने आपल्या सोयीसाठी खळे वापरायला मागितले, बदल्यात बायांना बर्फ देऊ केला. मंडळाने होकार दिला. कंपनीने स्वतःच्या आवाराला तारेचे कुंपण घातले तेव्हा कामगारांनी खळेही आत घेतले, कारण सरळ रेषेत खांब रोवणे सोपे जाते. बायांनी हरकत घेतली नाही; गाई आत येत नाहीत म्हणून त्यांना बरेच वाटले. पुढे कंपनीचे दिवाळे निघाले. तिची मालमत्ता विकून सर्वांचे येणे भागविण्यासाठी न्यायाधिकरणाने अवसायक नेमला, अवसायकाने वकील नेमले. ते अ‍ॅड. कुंदन पागधरे.

अवसायकाने कुंपणाच्या आत जे दिसले, ते कंपनीचे म्हणून लिहिले. ही चूक समजण्यासारखी आहे. तो तारापूरचा नाही. अ‍ॅड. पागधरे तारापूरचे आहेत. त्यांच्या आजी येसूबाई त्याच खळ्यावर जवळा सुकवीत. नात्याची तपासणी करायची झाल्यास समितीला फार लांब जावे लागणार नाही. अर्जदाराने त्यांना चौथीत शिकविले. भागाकार त्यांना उत्तम येत असे.

४. येणे असणाऱ्यांची आणि मालमत्तेवर हक्क सांगणाऱ्यांची सभा बोईसरमधील एका हॉटेलच्या हॉलमध्ये ठेवली होती. आदल्या दिवशी अ‍ॅड. पागधरे स्वतः खळ्यावर आले. चहा प्यायले. मुलांच्या डोक्यावरून हात फिरविला. अर्जदाराच्या पाया पडले. आणि बायांना त्यांच्याच बोलीत म्हणाले, "उद्या बोईसरला कंपनीचे वाटे पडायचे हायत. तुमच्यातली एक जण धाडा. रंभामावशीच येऊ दे."

समितीने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, अशी विनंती आहे. मुंबईच्या वकिलाने ‘दाव्यांची पडताळणी’ वगैरे म्हटले असते, तर बायांनी अर्जदाराला अर्थ विचारला असता, आणि रंभाबाई कागद घेऊन, हक्क सांगायच्या तयारीने गेल्या असत्या. त्याऐवजी त्यांना वाट्यांना बोलावले गेले. वाट्यांना रंभाबाईंना बोलावले, की त्यांनी काय करायचे असते, हे येसूबाईंच्या नातवाला ठाऊक होते.

सभेच्या दिवशी अर्जदार त्यांच्यासोबत गेला. दाराशी त्याला थांबविले, कारण तो पक्षकार नव्हता. रंभाबाई आत गेल्या. टेबलाभोवती बँकेची माणसे, पुरवठादार, अवसायक आणि वकील बसले होते. समोर कागदांचे गठ्ठे. रंभाबाईंनी ते गठ्ठे पाहिले, सगळ्यांना नमस्कार केला, रिकामी खुर्ची उचलून भिंतीकडे फिरविली आणि टेबलाकडे पाठ करून बसल्या. पदर डोक्यावर घेतला. आता कोणी तरी विचारील, "हा कोनाचा?", म्हणून त्या वाट पाहू लागल्या.

कोणी विचारले नाही. इंग्रजीत बोलणे झाले. मध्ये खळ्याचा गट क्रमांक वाचला गेला. त्यांना आकडा ओळखू आला, पण नाव विचारल्याशिवाय बोलायचे नसते, म्हणून त्या गप्प राहिल्या. नंतर चहा आला. एका पोराने कप भिंतीजवळ आणून दिला. सभा संपल्यावर अ‍ॅड. पागधरे यांनी हजेरीच्या कागदावर त्यांची सही घेतली आणि "झाला मावशी, निघा आता" म्हटले. बाहेर येऊन त्यांनी अर्जदाराला सांगितले, की वाटे बहुतेक उद्यावर गेले असावेत.

५. अ‍ॅड. पागधरे यांनी न्यायाधिकरणापुढे ठेवलेल्या इतिवृत्तात असे वाक्य आहे : ‘महिला मंडळाच्या प्रतिनिधी उपस्थित होत्या, त्या संपूर्ण वेळ सभेकडे पाठ करून बसल्या, जागेचा उल्लेख होऊनही त्यांनी कोणताही हक्क सांगितला नाही.’ या वाक्याच्या आधारे आदेश झाला, की जागा कंपनीची असण्याबाबत कोणाचीही हरकत नाही. जागा विकली गेली. घेणारी मंडळी समुद्राकाठी बंगले बांधून विकतात. त्यांच्या वतीने अ‍ॅड. रिद्धी नावाच्या तरुण वकील बाई उभ्या होत्या. त्यांचा पत्ता आणि अ‍ॅड. पागधरे यांचा पत्ता एक. दार एक. दूरध्वनी एक. अर्जदाराने त्या दूरध्वनीवर विचारणा केली असता, दोघांची टेबले वेगळी आहेत, असे उत्तर मिळाले.

विकणाऱ्याचा वकील आणि घेणाऱ्याचा वकील एकाच दारातून आत-बाहेर करतात, आणि मध्ये एक टेबल सरकविले की व्यवसायाची नीती सुरक्षित राहते, हे ज्ञान अर्जदारास उतारवयात प्राप्त झाले. उशिरा का होईना, आभारी आहे.

६. अर्जदार अ‍ॅड. पागधरे यांना पालघरच्या कोर्टाबाहेर भेटला. त्यांनी टाळले नाही. खुर्ची मागविली. अर्जदाराने विचारले, की रंभाबाई पाठ करून का बसल्या, हे तुला माहीत नव्हते का. त्यावर ते जे बोलले ते अर्जदार शब्दशः देत आहे, कारण समितीपुढे खरा प्रश्न एवढाच आहे :

"गुरुजी, मी खोटं काय लिहिलं ते दाखवा. त्या आल्या होत्या? आल्या होत्या. पाठ करून बसल्या होत्या? होत्या. काही बोलल्या? नाही. एकेक शब्द खरा आहे. बाकीचं सांगायला मी त्यांचा वकील आहे का?"

अर्जदाराने सबंध आयुष्यात पुष्कळ खोटी मुले पाहिली आहेत. पाटी फुटली ती दुसऱ्याने फोडली, असे रडून सांगणारी मुले पुढे चांगली निघतात. खोटे बोलताना त्यांचे कान लाल होतात, म्हणजे आत काही तरी जिवंत असते. फक्त खरे शब्द वेचून त्यांचे खोटे बनविणारा मुलगा अर्जदाराला वर्गात कधी भेटला नव्हता. त्यासाठी वकिलीची सनद लागते, असे दिसते. वकील आपल्या पक्षकाराचा असतो, हे अर्जदारास मान्य आहे. पण समितीच्याच छापील नियमांत तो आधी न्यायालयाचा अधिकारी म्हटला आहे, आणि जे न्यायालयाला कळले असते तर आदेश निराळा झाला असता, ते ठाऊक असून लपविणे हे त्याच नियमांत गैरवर्तन म्हटले आहे. हे पान अर्जदाराने सोबत जोडले आहे. समितीकडे असेलच; उघडलेले नसेल म्हणून जोडले.

७. न्यायाधिकरणाच्या, हा आदेश देणाऱ्या सन्माननीय सदस्यांविषयी तक्रार ऐकण्याचा समितीला अधिकार नाही, हे अर्जदार जाणतो. म्हणून ही तक्रार नाही, केवळ माहिती आहे. सदस्य महोदय खुर्चीवर येण्यापूर्वी वकिली करीत, तेव्हा अ‍ॅड. पागधरे त्यांच्या हाताखाली शिकले. हे सुनावणीत कोणी सांगितले नाही. सदस्यांनीही नाही. दोन्ही बाजूंना एकदा विचारले असते, की हा माझा जुना शिष्य, तुमची काही हरकत आहे का, तर घटकाभर गेली असती. अर्जदार सुनावणीला मागच्या बाकावर होता. तो उभा राहून प्रथेविषयी बोलू लागला, तेव्हा सदस्यांनी विचारले, आपण कोण. शिक्षक, असे उत्तर दिल्यावर ते प्रसन्न हसले आणि म्हणाले, मग वर्ग भरवा, इथे कशाला. अ‍ॅड. पागधरे हसले. रिद्धी बाईही हसल्या. एकाच दारातली माणसे एकाच वेळी हसतात, याचे अर्जदाराला आश्चर्य वाटले नाही.

वाटे घालणारा आणि नाव घेणारी एका घरची चालत नाहीत, हे वर लिहिलेच आहे. मागच्या बाकासाठी पुन्हा लिहिले.

८. आता दाखला. समितीने मागितला म्हणून अर्जदार एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरला. रहिवासाचा, उत्पन्नाचा, जातीचा, हयातीचा दाखला मिळतो. पाठ करून बसण्याचा मिळत नाही. एका सज्जन कारकुनाने हयातीच्या दाखल्यावर ‘पाठ करून’ असे शब्द घालून देण्याची तयारी दाखविली. अर्जदाराने नको म्हटले, कारण मग समितीने पाठीचा फोटोही मागितला असता. शेवटी अर्जदाराने खळ्यावर वर्ग भरविला, जसा सदस्य महोदयांनी सल्ला दिला होता.

मुलांना नावे सांगितली नाहीत. फक्त एवढे सांगितले, की एका माणसाने एका बाईला वाट्यांना बोलाविले, ती पाठ करून बसली, त्याने विचारलेच नाही, आणि नंतर लिहून दिले, की तिला काही नको होते. चूक कोणाची? चिंतू म्हणाला, बाईने वळून पाहायला पाहिजे होते. सगळा वर्ग त्याच्या अंगावर धावून गेला. वळून पाहिले, की वाटे मोडतात, हे पहिलीतली पोरसुद्धा त्याला सांगू लागली. मग चिमीने विचारले, "गुरुजी, त्या माणसाला म्हाईत होता का, ती कशाला बसलीय ती?" अर्जदार हो म्हणाला. "मंग त्याने आपल्या आईला काय सांगितला घरी जाऊन?"

 या प्रश्नाचे उत्तर समितीने अ‍ॅड. पागधरे यांच्याकडून लेखी मागवावे. वर्गातील मुलांच्या व त्यांच्या आयांच्या सह्या जोडल्या आहेत. आणखी दाखला हवा असल्यास समितीने कोणत्याही सकाळी भरती उतरल्यावर किनाऱ्यावर यावे, असे अर्जदाराने हा परिच्छेद पहिल्यांदा लिहिला तेव्हा लिहिले होते. ते निमंत्रण आता मागे घ्यावे लागत आहे. कारण शेवटी येईल.

९. मागणी अशी, की :

(अ) ताबा जाण्यापूर्वी समितीने न्यायाधिकरणास एक ओळ लिहावी, की सदर इतिवृत्तातील वाक्य दिशाभूल करणारे असून ते लिहिणाऱ्यास सत्य ठाऊक होते. एकच ओळ. तिच्यावर खळे राहील किंवा जाईल. बोंबलाचा हंगाम सुरू झाला आहे, आणि बांबूचे मांडव उपटून दुसरीकडे रोवायला दुसरी जागा नाही.

(आ) अ‍ॅड. पागधरे आणि अ‍ॅड. रिद्धी यांना एकाच व्यवहाराच्या दोन्ही बाजूंनी उभे राहण्याबद्दल जाब विचारावा. टेबलाची मोजमापे मागवू नयेत.

(इ) शिक्षा म्हणून सनद काढून घेणे समितीला जड जात असेल, तर अ‍ॅड. पागधरे यांना अर्जदाराच्या वर्गात चटईवर बसवावे. अर्जदार त्यांना विनामूल्य शिकवील. भागाकार येतो, त्याच्या अलीकडचे राहून गेले आहे. सदस्य महोदयांना यावयाचे असल्यास त्यांच्यासाठी खुर्ची ठेवू. ती भिंतीकडे फिरविलेली असेल.

१०. रंभाबाईंविषयी चार ओळी, म्हणजे अर्ज संपला.

आदेश गावात कळला त्या दिवशी बाया त्यांच्या दारात जमल्या. मंजुळा नावाच्या बाईंनी विचारले, भिंतीत काय तुझ्या सासूचा फोटो लावला होता, एवढी टक लावून बसलीस ती? कोणी म्हणाले, पाठ केली ती पैसे मोजायला.  बाया गेल्यावर रंभाबाई अर्जदाराला एवढेच म्हणाल्या, "मास्तर, पाठ करायची ती पाठीमागच्यांच्या भरोशावर. मी भरोसा केला. आता गावाला सांगू काय, की मी वळून पाहायला पायजे होता? मंग ते वाटे कसले?"

त्यानंतर त्या किनाऱ्यावर आल्या नाहीत. गेल्या आठवड्यात सामाईक जाळे आले. वाटे घातले. सर्वांनी पाहून सारखे असल्याचे कबूल केले. नाव घ्यायला मंजुळाबाईंना सांगितले, ज्यांनी फोटोचा टोमणा मारला होता त्यांनाच. त्या म्हणाल्या, "मी नाय पाठ करायची. उद्या कोन लिहील, की मंजुळाने वाटा सोडला." मग तांडेलांच्या सुनेला सांगितले. तिनेही नकारार्थी मान हलविली. एकेक करून सगळ्यांना विचारून झाले. कोणी बसेना. वाटे वाळूवर पडून राहिले, कावळे जमले, ऊन चढले. शेवटी बोईसरहून वजनकाटा आणला, आणि प्रत्येकाने काट्याकडे डोळे लावून, आपापला वाटा तोलून घेतला.

समितीने मागितलेली प्रथा अशा रीतीने आता अस्तित्वात नाही. दाखला त्याप्रमाणे वाचावा.

अजूनही नम्र राहण्याचा प्रयत्न करणारा,

(सही)
वामन धर्माजी चुरी
निवृत्त प्राथमिक शिक्षक

माहितीसाठी प्रत : मा. अध्यक्ष, न्यायाधिकरण.

सोबत :
१) सभेच्या इतिवृत्ताची प्रत, ते वाक्य पेन्सिलीने अधोरेखित.
२) खळे मंडळाचे असल्याच्या कागदांच्या प्रती.
३) वकिलांच्या वर्तनाच्या नियमांतील एक पान.
४) खळ्यावरील मुलांच्या व त्यांच्या आयांच्या सह्या.
५) रंभाबाईंचे निवेदन, त्यांनी सांगितले तसे अर्जदाराने उतरविलेले. त्यावर त्यांची सही नाही. त्या आता कोणत्याही कागदावर सही करीत नाहीत.